पोर्टल विकलं, पुराचा तक्ता गेला

पासवर्डांची यादी करायलाच आम्हाला दोन दिवस लागले. डोमेन माझ्या भागीदाराच्या कॉलेजातल्या जुन्या ई-मेलवर घेतलेलं. फेसबुक पेज ज्या मुलाने पहिल्यांदा उघडलं तो २०१७ मध्येच पुण्याला नोकरीला गेला होता, पण मूळ अॅडमिन अजून तोच. यूट्यूब चॅनेल माझ्या घरच्या जीमेलवर, म्हणजे मुलीच्या शाळेचे मेल आणि चॅनेलचे हक्क एकाच डब्यात. गुगलच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या अॅडसेन्सचा पिन ज्या पत्त्यावर पोस्टाने आला होता ती खोली आम्ही केव्हाच सोडलेली. सात वर्षं रात्रंदिवस चालवलेलं बातम्यांचं पोर्टल आमचंच आहे हे कागदावर दाखवायची वेळ आली, तेव्हा ते असं तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं.

२०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही ते एका मोठ्या माध्यमसमूहाला विकलं. त्या समूहाचं नाव लिहीत नाही, आमच्या पोर्टलचंही नाही. करारातली तीन वर्षांची अट आता संपली आहे आणि गेल्या काही महिन्यांत दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या पोर्टलवाल्यांचे मला फोन आले. त्यांनाही कोणीतरी पोर्टल विकता का म्हणून विचारलंय. ‘ताई, तुम्ही यातून गेलाय, काय बघायचं असतं?’ फोनवर सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीत एका दैनिकाच्या जिल्हा पानावर नऊ वर्षं काम केलं. २०१५ च्या दसऱ्याला, वालचंद कॉलेजमधून शिकलेल्या माझ्या भागीदाराबरोबर हरभट रोडवरच्या एका दुकानावरच्या खोलीत पोर्टल सुरू केलं. त्याने तांत्रिक बाजू सांभाळायची, मी बातम्या. पुढे पगारावर सहा माणसं झाली आणि दहा तालुक्यांत मिळून अकरा वार्ताहर. बाजार समितीतले हळदीचे दर, टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याची आवर्तनं, महापालिकेची सभा, कुठल्या गावात बिबट्या दिसला. मोठ्या दैनिकात ज्या बातमीला चार ओळी मिळतात ती आम्ही चाळीस ओळींत द्यायचो.

खरं तर आम्हाला ओळखलं गेलं ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दर तासाला पुलावरची पातळी आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलंय ते टाकत होतो. ते इतरही टाकत होते. पण लोकांचे फोन यायचे ते वेगळ्याच प्रश्नाचे. ‘४८ म्हणजे आमच्या गल्लीत येणार का हो?’ ‘आईला हलवू का सकाळपर्यंत थांबू?’ सरकारी निवेदनात फूट असायचे, गल्ली नसायची.

मग आम्ही उलटं विचारायला लागलो. जो फोन करेल त्याला विचारायचं, तुमच्या दारात पाणी कधी आलं? तो वेळ सांगायचा. त्या वेळची पुलावरची पातळी आमच्याकडे असायचीच. दोन्ही जोडले की एक ओळ तयार. पाणी ओसरल्यावर सप्टेंबरभर मी आणि डेस्कवरची एक मुलगी वही घेऊन फिरलो, भिंतीवरचे डाग बघितले, सांगितलेलं पडताळलं. असा ६३ ओळींचा तक्ता झाला. वरच्या ओळींत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता; खूप खाली मारुती चौक आणि शिवाजी मंडई. डावीकडे फूट, उजवीकडे गल्ली, तिसऱ्या रकान्यात त्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता कुठल्या पातळीला बंद होतो तो आकडा. हा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. घरात पाणी यायच्या आधी रस्ता बंद होतो आणि माणसं अडकतात, हे आम्हाला त्या पुराने शिकवलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा मंडईतले व्यापारी मोबाइलवर तो तक्ता उघडून माल हलवताना मी स्वतः पाहिलेत.

पैशांचं सांगायचं तर थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. आमच्या जाहिराती क्लासेसच्या, सराफांच्या, मंगल कार्यालयांच्या. २०२० च्या मार्चमध्ये हे तिन्ही एकाच आठवड्यात थांबले. बातम्या वाचणारे वाढले आणि उत्पन्न मात्र पाव उरलं. पगार थांबवायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. त्यासाठी कर्ज काढलं, माझ्या पाटल्या बँकेत गेल्या. २०२२ च्या सुरुवातीला भागीदाराचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो म्हणाला, ‘ताई, मला आता महिन्याला नक्की पैसे लागणार.’ त्याचं काही चुकलं नव्हतं.

मे महिन्यात त्या समूहाच्या माणसाचा फोन आला. पहिली भेट मिरजेत एका हॉटेलात झाली. त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता होता: महिन्याचे वाचक, फेसबुकचे फॉलोअर, यूट्यूबचे सबस्क्रायबर, व्हॉट्सअॅप ग्रुपची संख्या, तीन वर्षांचं उत्पन्न. भागीदार म्हणाला, आमच्याकडे एकोणीस हजारांवर बातम्या आहेत. तो माणूस सभ्य होता, त्याने तो आकडा लिहून घेतला. म्हणाला, ‘मॅडम, कन्टेन्ट तर येणारच त्याच्यासोबत.’ मला त्या वाक्याने बरं वाटलं. बातम्या नव्या घरी जाणार, असा अर्थ मी लावला. त्याच्या तक्त्यात बातम्यांसाठी रकानाच नव्हता, हे मला दिसलं होतं. त्या रात्री तरी मी त्यावर विचार केला नाही.

ऑगस्टमध्ये आमची बोलणी चालू असताना एनडीटीव्हीची बातमी आली. अदानी समूहाने ज्या कंपनीमार्फत २९ टक्क्यांवर हिस्सा मिळवला त्या कंपनीने २००९-१० मध्ये प्रवर्तकांच्या कंपनीला ४०३ कोटींचं कर्ज दिलेलं होतं आणि त्या कर्जाचं समभागांत रूपांतर करायचा हक्क तेव्हाच करारात लिहिलेला होता. मग आणखी २६ टक्क्यांसाठी खुला देकार, म्हणजे इतर भागधारकांना त्यांचे समभाग विकत घेण्याची जाहीर तयारी, आणि डिसेंबरअखेर मालकी बदलली. आम्हाला ओळखणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘तुमचं पण तसंच का?’ तसं नव्हतं. ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिथे बाहेरच्या भागधारकांसाठी खुला देकार द्यावाच लागतो. आमच्यासारख्या खासगी मर्यादित कंपनीत असलं काही नसतं. दोन भागीदार, एक टेबल, काय ठरेल ते. पण त्या बातमीने मला एक गोष्ट शिकवली. बारा-तेरा वर्षांपूर्वी लिहिलेलं एक कलम कुठेतरी पडून असतं आणि दिवस आला की तेच बोलतं. त्यानंतर आमच्या कराराचा मसुदा मी रोज रात्री वाचायला लागले. तरीही जे निसटायचं ते निसटलंच.

सर्वांत पहिला पेच आला तो काय विकायचं याचा. आमचे सीए विश्रामबागला बसतात. त्यांनी सांगलीच्या माणसाला कळेल असंच सांगितलं. ‘हळदीची पेढी विकली तर पेढीची उधारी, नोकर, खटले, सगळं नव्या मालकाकडं जातं. पेढीतली पोती विकली तर पोती तेवढी जातात, बाकी सगळं तुमच्या गळ्यात.’ समूहाला पोतीच हवी होती. डोमेन, नाव, बोधचिन्ह, समाजमाध्यमांवरची खाती आणि ‘सर्व आशय’. कंपनी नको, कर्ज नको, आणि माणसं नव्या नेमणूकपत्रावर, तीही त्यांना हवी तेवढीच. सहापैकी पाच जणांना पत्र देऊ म्हणाले, सहा महिन्यांच्या प्रोबेशनसह. सात वर्षं रात्री दोनपर्यंत बसलेल्या माणसाला प्रोबेशन! या एका मुद्द्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या आणि शेवटी तिघांचं प्रोबेशन माफ झालं. आमच्याकडे दहा माणसं कधीच नव्हती, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू नव्हता. म्हणजे त्यांची मागची वर्षं कागदावर कुठेच उरत नव्हती. आम्ही दोघांनी आमच्या वाट्यातून प्रत्येकाला वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे रक्कम दिली. या सगळ्या प्रकरणात मनाला लागून न राहिलेली तेवढीच एक गोष्ट आहे.

मग ड्यू डिलिजन्स. पोर्टल चालवताना जी प्रत्येक गोष्ट आपण विश्वासावर केलेली असते, तिचा कागद मागतात. डिजिटल वृत्तमाध्यमांसाठीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलाय का? नेमला होता, मीच होते. परदेशी पैसा आहे का? भागीदाराच्या अमेरिकेतल्या भावाने सुरुवातीला दोन लाख हातउसने दिले होते, ते कर्ज होतं की हिस्सा, यावर आठवडा गेला. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणुकीला २०१९ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे आणि तिलाही सरकारची परवानगी लागते. २०२० च्या नोव्हेंबरात हफपोस्ट हे अमेरिकी बातम्यांचं संकेतस्थळ बझफीड कंपनीला विकायचा सौदा जाहीर झाला आणि हफपोस्ट इंडिया काही दिवसांत बंद पडलं, ते याच नियमामुळे. दूर अमेरिकेत सौदा होतो आणि दिल्लीतली माणसं नोकरीला मुकतात. आमचे दोन लाख त्यापुढे काहीच नव्हते, पण भावाकडून लेखी पत्र मागवल्याशिवाय गाडी पुढे गेली नाही.

खरा घोळ कॉपीराइटचा निघाला. पगारी बातमीदाराने नोकरीत लिहिलेल्या बातमीवर प्रकाशनापुरता मालकाचा हक्क असतो. पण आमचे अकरा वार्ताहर पगारी नव्हते, बातमीमागे शंभर-दीडशे रुपये घेणारे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यांनी लिहिलेलं त्यांचंच. ते आमच्या नावावर करायचं तर लेखी सही लागते, तोंडी चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे आम्ही जे विकायला निघालो होतो त्यातलं निम्मंअधिक आमच्या मालकीचंच नव्हतं. पुरात लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंची तर गोष्टच सोडा. ते फोटो शेवटी कराराबाहेर ठेवावे लागले.

अकरा सह्या गोळा करायला मी स्वतः फिरले. जत पूर्व भागात आमचे एक वार्ताहर होते, निवृत्त शिक्षक. मराठी आणि कन्नड दोन्ही अस्खलित, सायकलवर फिरून बातमी आणणारे. पाण्यासाठी त्या भागातल्या ग्रामपंचायतींनी २०१२ च्या दुष्काळात कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. त्याची गावनिहाय हकिगत त्यांनी आमच्याकडे २०१७ मध्ये लिहिली होती, ठरावाच्या प्रती मिळवून. मी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, बोट ठेवून ठेवून. मग विचारलं,

‘ह्यात माझं नाव बातमीवर राहील असं कुठं लिहिलंय?’

मी वकिलांना हे विचारलं होतं. ते म्हणाले होते की लेखकाचा नावावरचा हक्क कलम ५७ मध्येच आहे, मालकी दिली तरी तो जात नाही, वेगळं लिहायची गरज नाही. मी सरांना तेच सांगितलं. ‘कायद्यातच आहे, सर.’

‘तुम्ही म्हणताय म्हटल्यावर मग काय,’ असं म्हणून त्यांनी सही केली. वहिनींनी चहा आणला. निघताना सरांनी मला शेंगांची पिशवी दिली.

वकिलांचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. पण हक्क असणं वेगळं आणि तो बजावायला जतहून सांगलीच्या कोर्टात येणं वेगळं. हा फरक मला त्या ओसरीवर कळायला हवा होता.

करारातली बाकीची दोन कलमं सांगायला हवीत. एक, तीन वर्षं सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आम्ही बातम्यांचा व्यवसाय करायचा नाही. आपल्याकडच्या करार कायद्याचं कलम २७ धंदा करायला बंदी घालणारे करार रद्द ठरवतं, पण धंद्याचं गुडविल, म्हणजे कमावलेलं नाव आणि जम, विकणाऱ्याला त्यात अपवाद आहे. ठरावीक भागापुरती अशी अट त्याच्यावर घालता येते. त्यामुळे त्यावर फार बोलता आलं नाही. पाच वर्षांची मागणी होती, ती तिनावर आली. दुसरं, सौदा पूर्ण झाल्यावर सगळ्या आशयाच्या सगळ्या प्रती त्यांना द्यायच्या आणि आमच्याकडच्या नष्ट करायच्या. मला ते रास्त वाटलं. विकलेली वस्तू आपल्याकडे कशाला ठेवायची? भागीदाराने हार्ड डिस्कवरचा बॅकअप त्यांच्याकडे सोपवला, सर्व्हर पुसला, तसं लिहून दिलं. आम्ही प्रामाणिकपणे वागलो.

किंमत करारानुसार सांगता येत नाही. कर्ज फिटलं, पाटल्या सुटल्या, भागीदाराच्या वडिलांचा खर्च भागला. सत्तर टक्के रक्कम सहीच्या दिवशी, तीस टक्के वर्षाने. मधल्या काळात जुन्या बातमीवर कोणी अब्रुनुकसानीचा दावा लावला तर तो खर्च त्या तीसमधून जायचा.

पहिला महिना फार चांगला गेला, हे मुद्दाम लिहिते. सही झाली त्याच नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर दावा सांगितला आणि त्या २०१२ च्या ठरावाचं नाव देशभर झालं. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे जतला आले. त्या ठरावाची नीट हकिगत मराठीत फारशी कुठे नव्हती. सरांच्या त्या बातमीवर वाचकांची रीघ लागली. मुंबईच्या कार्यालयातून मला अभिनंदनाचा फोन आला. मी सरांना कळवलं. त्यांना किती आनंद झाला!

जानेवारीपासून गोष्टी बदलायला लागल्या आणि त्यात कोणाचा दुष्टपणा मला दिसला नाही. पैसे फक्त नोंदणी केलेल्या ‘व्हेंडर’ला, बिल ऑनलाइन भरणाऱ्याला. अकरापैकी तीन वार्ताहर उरले. हळदीच्या दराची रोजची बातमी बंद झाली, कारण तिला पाच-सहाशेच वाचक. ते पाच-सहाशे शेतकरी आणि अडते होते, त्यांचा त्या दिवसाचा व्यवहार त्या बातमीवर ठरायचा, हे मी मेलमध्ये लिहून पाठवलं. उत्तर सभ्य आलं. मथळे मुंबईत व्हायला लागले. दर दुसऱ्या दिवशी ‘सांगली हादरली’. करारात मी वर्षभर सल्लागार होते, पण सल्ला घ्यायलाच हवा असं त्या कलमात कुठे नव्हतं. आमच्या पाचपैकी तिघांनी वर्षाच्या आत नोकरी सोडली.

२०२३ च्या जूनमध्ये आमचं डोमेन समूहाच्या मोठ्या संकेतस्थळात मिसळलं. आमचं नाव तिथे एका रकान्याचं नाव झालं. त्यानंतर आठवड्याभरात जतहून फोन आला.

‘ताई, लिंकच उघडंना की.’

‘कुठली, सर?’

‘कुठलीच. ठरावाची बी नाही, म्हैसाळच्या पाण्याची बी नाही. आणि ज्या चार-दोन उघडत्यात, त्यावर माझं नाव नाही. टीम म्हणून लिहिलंय. टीम कोण हो?’

मला उत्तर देता आलं नाही. बघते म्हणाले.

मुंबईत विचारलं. तिथल्या मॅनेजरने मला समजावून सांगितलं की नव्या यंत्रणेत फक्त शेवटच्या दीड वर्षाच्या बातम्या नेल्यात, जुन्यांना ट्रॅफिक नव्हतं आणि त्या हलवायचा खर्च मंजूर झाला नाही. लेखकांची नावंही जुळली नाहीत, म्हणून सगळीकडे एकच नाव टाकलं. जुना बॅकअप कुठे आहे? ते बघतो म्हणाले. दोन महिने बघत होते. मग तो मॅनेजरच दुसरीकडे गेला.

मी पुराच्या तक्त्याचं पान उघडलं. ‘पान सापडले नाही.’ पुलावरच्या तासातासाच्या नोंदी गेल्या. २०१९ च्या पुरात नगर वाचनालयातली पुस्तकं भिजली तेव्हा आम्ही केलेली बातमी गेली. त्या रात्री मी करार काढून पुन्हा पहिल्यापासून वाचला. आम्ही काय करायचं नाही याची कलमं होती, आम्ही कशाची हमी देतो याची होती, आशय हस्तांतरित होईल असं होतं. तो जपला जाईल असं कुठेही नव्हतं. त्यांनी करारातलं एकही कलम मोडलं नव्हतं. सरांच्या नावाबाबत मात्र कायदा मोडला होता. त्याबद्दल वकिलांमार्फत पत्र गेलं आणि उरलेल्या काही बातम्यांवर त्यांचं नाव परत आलं. गेलेल्या बातम्यांवर नाव कुठे लावणार?

याच काळात मला न्यूयॉर्कच्या गॉथमिस्ट या स्थानिक बातम्यांच्या संकेतस्थळाची गोष्ट वाचायला मिळाली. २०१७ च्या मार्चमध्ये डीएनएइन्फो या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाच्या मालकाने, जो रिकेट्स नावाच्या अब्जाधीशाने, गॉथमिस्ट विकत घेतलं. ऑक्टोबरअखेर तिथल्या पत्रकारांनी संघटना करायच्या बाजूने मत दिलं आणि आठवड्यात, २ नोव्हेंबरला, दोन्ही संकेतस्थळं बंद. वर्षानुवर्षांच्या बातम्यांच्या जागी मालकाचं एक पत्र दिसत होतं. ओरड झाली, तेव्हा जुन्या बातम्या परत आल्या आणि पुढच्या वर्षी तिथल्या सार्वजनिक रेडिओने गॉथमिस्ट विकत घेऊन पुन्हा उभं केलं. ते मोठ्या शहराचं होतं, ओरड करणारे होते. सांगलीच्या एका पोर्टलच्या जुन्या पानांसाठी कोण ओरडणार? मी आमच्या जिल्ह्यात चार संपादकांना फोन केले, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर आमची काही पानं सापडली. तक्त्याचं पानही सापडलं, पण त्यात वरचा मजकूर तेवढा. तक्ता आम्ही कंपनीच्या गुगल शीटवरून पानात जोडला होता. ते खाते सौद्यात गेलं आणि पुढे बंद झालं. तक्त्याच्या जागी पांढरा चौकोन.

म्हणून त्या दोन फोन करणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते की किमतीवर बोलायच्या आधी जुन्या पानांवर बोला. दहा वर्षं ती त्याच पत्त्यावर उघडतील किंवा नव्या पत्त्यावर वळवली जातील, हे लिहून घ्या. ती ठेवायची नसतील तर बॅकअप परत मिळेल, किंवा एक प्रत एखाद्या वाचनालयाकडे, विद्यापीठाकडे राहील, हे लिहून घ्या. लेखकाचं नाव जाणार नाही हे कायद्यात असलं तरी पुन्हा लिहा, आणि ते गेलं तर भरपाई त्यांनी द्यायची, अशी तीस टक्क्यांच्या अटीची उलटी अट टाका. वार्ताहरांचं मानधन किमान वर्षभर चालू राहील हे लिहा. किमतीतले दोन लाख कमी झाले तरी चालतील. विकू नका असं मी कोणाला सांगणार नाही. माझ्यावर वेळ आली होती, मी विकलं, त्या पैशाने दोन घरं सावरली.

२०२४ च्या जुलैत कृष्णेचं पाणी पुन्हा इशारा पातळीपर्यंत आलं. तीन दिवसांत मला चाळीसेक फोन आले असतील. ‘ताई, तो तक्ता कुठं आहे?’ एका व्यापाऱ्याकडे जुना स्क्रीनशॉट होता, त्यात वरच्या चौदा ओळी. बाकीच्या मला आठवतील तशा मी फोनवर सांगत होते आणि सांगताना भीती वाटत होती. एक फूट चुकला तर कोणाची तरी म्हातारी आई घरात राहायची. सुदैवाने पाणी त्या वेळी उतरलं.

वकिलांना विचारलं, तक्ता पुन्हा केला तर चालेल का? ते म्हणाले, कुठल्या गल्लीत कितीला पाणी येतं ही वस्तुस्थिती आहे, ती कोणाच्या मालकीची नसते. जुन्या पानाची नक्कल करू नका, नव्याने माहिती घ्या. आणि गणेश मंडळाच्या फळ्यावर लावलेला कागद म्हणजे बातम्यांचा व्यवसाय नव्हे. मग पातळीच्या जुन्या नोंदींसाठी जलसंपदा विभागात अर्ज दिला, आणि भागीदार शनिवार-रविवार यायला लागला. जतच्या सरांनी सगळ्या बातम्यांच्या प्रिंट काढून फायलींत लावून ठेवल्यात असं कळलं, तेव्हा त्यांचं तरी काम वाचलं म्हणून मला रडू आलं. आमच्या तक्त्याची प्रिंट मात्र कोणाकडेच नव्हती.

दत्तनगरात एका आजींच्या घरी गेलो. त्यांनी मला लगेच ओळखलं.

‘बाई, तुम्ही मागं पण आला होता की. सगळं लिहून नेलं होतं.’

‘हो आजी.’

‘मग आता परत?’

‘ते राहिलं नाही आजी. परत लिहायचंय.’

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, भिंतीवरचं कालनिर्णय बाजूला सरकवलं. मागे मुलाने विटेच्या तुकड्याने ओढलेल्या रेघा होत्या. २००५ ची, तिच्याजवळ २०२१ ची. ‘एकोणीसची न्हाई,’ त्या म्हणाल्या, ‘एकोणीसला भिंतच दिसत नव्हती.’ मग दारात येऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या खांबाकडे बोट केलं. रस्ता आधी तिथे बंद होतो. पुलावर तेव्हा किती फूट होतं, तो आकडा त्यांनी न अडखळता सांगितला आणि मी तो तिसऱ्या रकान्यात लिहिला.